फाइल एकाची, आजारपण घराचं

(सामुदायिक आरोग्य परिचर्येचे विद्यार्थी आणि गृहभेटीचं काम करणाऱ्या परिचारिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

कुटुंब हे सेवेचं एकक आहे, हे वाक्य तुम्ही सगळ्यांनी परीक्षेत लिहिलेलं आहे. त्याला गुणही मिळाले असतील. पण गृहभेटीला निघताना हातात जी फाइल असते, ती जवळजवळ नेहमी एकाच माणसाच्या नावाची असते. नाव, वय, निदान, औषधं, पुढची तारीख. घरातलं दुसरं कुणी त्या फाइलमध्ये आलंच, तर नातेवाइकाचा फोन नंबर लिहायच्या रकान्यात. हे वाक्य खरं मानलं तर त्या फाइलमध्ये काय काय बदलावं लागेल, त्याबद्दल मी आज बोलणार आहे.

सगळ्यात सरळ उदाहरण घेऊ. खरूज. एका मुलाला रात्री खूप खाज सुटते, बोटांच्या बेचक्यांत पुरळ आहे, म्हणून त्याला मलम दिलं जातं. मलम व्यवस्थित लावलं जातं, मूल बरं होतं आणि काही आठवड्यांत पुन्हा खाजवायला लागतं. औषध निकामी होतं का? नाही. खरजेचा किडा पहिल्यांदा अंगावर आला की खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढ्या काळात शेजारी झोपणाऱ्या भावाच्या, आईच्या, आजीच्या अंगावर तो पोचलेला असतो आणि त्यांना काहीच जाणवत नाही. म्हणून खाज असो वा नसो, घरातल्या प्रत्येकाला एकाच वेळी उपचार द्यायचे आणि त्याच दिवशी कपडे, चादरी गरम पाण्यात धुवायच्या. आज एकाला, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याला असं केलं तर किडा घरातल्या घरात फिरत राहतो. इथे कुटुंब हे एकक आहे ते सहानुभूतीपोटी नाही, किड्याच्या जीवनचक्रामुळे आहे.

क्षयरोगाचंही तसंच. थुंकीत जंतू सापडलेला एक रुग्ण म्हणजे त्याच छपराखाली झोपणाऱ्या सगळ्यांची तपासणी आणि गरजेप्रमाणे प्रतिबंधक उपचार. हे तुम्ही करताच, त्यावर जास्त बोलत नाही.

अडचण येते ती संसर्ग नसलेल्या आजारांत. तिथे किडा नाही, जंतू नाही, त्यामुळे आजार एकाच शरीरात आहे असा आपला समज होतो. समजा, एका घरात साठीच्या गृहस्थांना पक्षाघात झाला आहे. उजवी बाजू गेली आहे, बोलणं अडखळतं. तुम्ही रक्तदाब मोजता, गोळ्या पाहता, पाठीवर, माकडहाडावर शय्याव्रणाची, म्हणजे सतत पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमेची, लाली आहे का ते पाहता. दर दोन तासांनी कूस बदलायला सांगता. आता हा सल्ला कुणाला दिला? त्यांच्या पत्नीला. रात्रीसुद्धा दर दोन तासांनी? मग ती झोपणार कधी? तिला स्वतःला रक्तदाब आहे आणि तिच्या गोळ्या संपून महिना झाला आहे, हे फाइलमध्ये नाही. मुलगी कॉलेजला जायची थांबली आहे, तेही नाही. मुलगा बोलत नाही, कारण घरात पैसा कुठून आणायचा हा प्रश्न त्याच्या एकट्याच्या डोक्यावर आला आहे. आपण सल्ला दिला एका शरीरासाठी आणि तो अंमलात आणायचा आहे चार माणसांनी. त्या चौघांचं काय चाललं आहे हे न पाहता दिलेला सल्ला अर्धवटच राहतो.

ही दृष्टी नवी नाही. १८५९ मध्ये लिव्हरपूलच्या विल्यम रॅथबोन यांच्या पत्नीचं निधन झालं. तिच्या अखेरच्या दिवसांत शुश्रूषेसाठी मेरी रॉबिन्सन नावाची परिचारिका घरी होती. तिचं काम पाहून रॅथबोन यांच्या मनात आलं, की आपल्याकडे पैसा असूनही हिचा एवढा आधार वाटला, मग ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्या घरात काय होत असेल? त्यांनी तिला तीन महिन्यांसाठी गरीब वस्तीत घरोघरी जाऊन शुश्रूषा करायला नेमलं. ती मुदत संपायच्या आतच हे दैन्य सोसवत नाही म्हणून परत आली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. रॅथबोन यांनी तिला थोडा धीर धरायला सांगितलं, ती पुन्हा गेली आणि मग तिनं ते काम सोडलं नाही. पुढे या कामाला फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा पाठिंबा मिळाला. त्यांनी १८७६ मध्ये लिहिलं, की घरी जाणाऱ्या परिचारिकेनं रुग्णाबरोबर खोलीचीही शुश्रूषा करावी आणि ती कशी करायची हे त्या कुटुंबाला शिकवावं. म्हणजे हे काम सुरू झालं तेव्हापासूनच त्यात कुटुंब आहे. फाइल एकाच्या नावाची झाली ती नंतर, रुग्णालयाच्या सोयीनं.

कुटुंबाला शिकवण्यात किती ताकद असते, याचं मला सगळ्यात मोठं वाटणारं उदाहरण १९७१ चं आहे. बांगलादेश युद्धाच्या वेळी सीमेलगत बनगाव इथल्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं, रुग्ण जमिनीवर पडलेले होते आणि प्रशिक्षित हात मोजके. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचं द्रावण पिंपांत बनवून ठेवलं आणि ते पाजण्याचं काम नातेवाइकांवर सोपवलं. आई मुलाला पाजत होती, भाऊ भावाला. त्या छावणीतला मृत्युदर आधी सुमारे ३० टक्के होता, तो द्रावण मिळालेल्या रुग्णांत ३.६ टक्क्यांवर आला. क्षारसंजीवनीची गोष्ट सांगताना आपण द्रावणाबद्दल बोलतो आणि कप धरणाऱ्या हातांबद्दल बोलत नाही. त्या नातेवाइकांकडे काही ज्ञान नव्हतं. त्यांच्याकडे वेळ होता, माया होती आणि शेजारी बसून राहण्याची तयारी होती. थोडं थोडं, सतत पाजत राहायचं हे तंत्र कोणत्याही वॉर्डातल्या परिचारिकेपेक्षा त्यांनाच जास्त जमणार होतं.

पण शिकवायचं म्हणजे सांगायचं नाही. 'समजलं ना?' असं विचारलं की 'हो' असंच उत्तर येतं. समोरची व्यक्ती घाबरलेली असते, थकलेली असते, आणि आपल्याला समजलं नाही असं सांगायला माणसाला लाज वाटते. म्हणून इन्सुलिन कसं द्यायचं ते दाखवलं, की सिरिंज त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, आता तुम्ही करून दाखवा, मला नीट सांगता आलं का ते बघायचंय. चूक झाली तर ती सांगणाऱ्याची ठरते, त्यांचा संकोच जातो. आणि घरातल्या एकीलाच शिकवू नका. ती एक दिवस तापानं पडली तर इन्सुलिन थांबायला नको.

आता मी मुख्य मुद्द्यावर येते. कुटुंब हे एकक आहे, याचा सोयीचा अर्थ असा लावला जातो, की काळजीचं काम कुटुंबानं करावं. रुग्णालयातून माणूस लवकर घरी पाठवायचा, नळ्यांसह पाठवायचा आणि घरचे बघतील असं म्हणायचं. हा अर्थ मला मान्य नाही. कुटुंब एकक आहे याचा अर्थ काळजी घेणारी व्यक्तीही माझ्या जबाबदारीत आहे. तीसुद्धा माझी रुग्ण होऊ शकते, आणि पुष्कळदा ती आधीच झालेली असते.

१९९९ मध्ये रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. जोडीदाराची काळजी घेणाऱ्या ज्येष्ठांकडे त्यांनी चार वर्षं लक्ष ठेवलं. ज्यांना त्या कामाचा ताण जाणवत होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका काळजी न घेणाऱ्यांपेक्षा ६३ टक्के जास्त आढळला. जे काळजी घेत होते पण ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात असा वाढलेला धोका दिसला नाही. हा दुसरा भाग नीट लक्षात ठेवा. काळजी घेणं जीवघेणं नाही, एकट्यानं आणि विसाव्याशिवाय घेणं घातक आहे. आणि ताण कमी करण्यासाठी आपण काहीतरी करू शकतो.

पहिली गोष्ट म्हणजे विचारणं. स्टीव्हन झॅरिट यांनी १९८० मध्ये यासाठी प्रश्नावली केली, तिचं आज सर्वाधिक वापरलं जाणारं रूप २२ प्रश्नांचं आहे. वेळ असेल तर ती वापरा. नसेल तर निदान तीन गोष्टी विचारा: रात्री सलग किती झोप मिळते, तुमची स्वतःची औषधं चालू आहेत का, आणि तुम्ही आजारी पडलात तर कोण बघेल. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर न देता समोरची व्यक्ती नुसती तुमच्याकडे बघत राहिली, तर त्या घरात तुमचं काम रक्तदाब मोजण्यापेक्षा बरंच मोठं आहे. प्रश्न विचारताना तिला रुग्णासमोर विचारू नका. आपण ओझं झालो आहोत हे ऐकायला कुणाला आवडेल? आणि त्याच्यासमोर ती खरं सांगणारही नाही. दाराशी निघताना, हात धुताना, औषधाची चिठ्ठी समजावताना विचारा.

मग व्यवस्था. आठवड्यातले दोन तास दुसरं कोण बसेल? गादी बदलली, अंगाखालच्या चादरीनं सरकवायची पद्धत शिकवली, तर पाठदुखी कमी होईल का? हवा भरायची गादी मिळाली तर रात्रीचं कूस बदलणं किती अंतरानं चालेल, हे लाली पाहून ठरवता येईल का? हे प्रश्न परिचर्येचेच आहेत. त्यांना समाजसेवा म्हणून बाजूला सारू नका.

घरातल्या मुलांकडेही पाहा. आजारी आईची औषधं देणारी, धाकट्याला सांभाळणारी दहा-बारा वर्षांची मुलं आपल्याला दिसतात आणि आपण 'किती समजूतदार आहे' म्हणून कौतुक करतो. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्यांनी काळजी घेणाऱ्या प्रौढांना आणि मुलांनाही स्वतःच्या गरजा तपासून घेण्याचा हक्क दिला. कायदा असो वा नसो, त्या मुलाला शाळा किती बुडते एवढं विचारायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही.

मानसिक आजारांत कुटुंबाचा विचार आणखी जपून करावा लागतो. जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात रुग्णालयातून घरी गेलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा मागोवा घेतला, आणि घर कसं आहे यावर आजार उलटणं अवलंबून असतं असं त्यांना दिसलं. पुढे १९७६ मध्ये क्रिस्टीन व्हॉन आणि ज्युलियन लेफ यांनीही ते दाखवलं: सतत टीका, चिडचिड किंवा अतिकाळजी असलेल्या घरांत आजार पुन्हा उफाळण्याचं प्रमाण जास्त होतं. हे वाचून काही जण कुटुंबालाच आरोपी करतात. ते चूक आहे. आई चिडते, कारण तो दुपारपर्यंत उठत नाही हा आळस आहे असं तिला वाटतं. ते आजाराचं लक्षण आहे हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. ते सांगा, तिला तिच्यासारख्याच दुसऱ्या पालकांना भेटू द्या, तिचा राग ऐकून घ्या. औषधांच्या जोडीला कुटुंबासोबत असं काम केलं तर आजार उलटण्याचं प्रमाण घटतं, हे पुढच्या अनेक चाचण्यांतून दिसलं आहे.

कुटुंब म्हणजे नेमकं कोण, हेही ठरवावं लागतं. लोरेन राइट आणि मॉरीन लेही यांनी कुटुंबाच्या मूल्यमापनाची जी पद्धत मांडली, तिचा पाया असा, की कुटुंब कोण ते त्या माणसांनी सांगायचं. एकट्या राहणाऱ्या वृद्धेसाठी किल्ली ठेवणारी शेजारीण कुटुंब असेल आणि दूरदेशी असलेला मुलगा फक्त फोनवर. म्हणून नात्यांचा आराखडा, म्हणजे जीनोग्राम, काढलात तरी तिथे थांबू नका. ॲन हार्टमन यांनी १९७५ मध्ये सुचवलेला इकोमॅप काढा. मध्ये घर आणि भोवती शाळा, नोकरी, मित्र, दवाखाना, शेजार. आधाराची नाती ठळक रेषेनं, ताणाची आडव्या रेघा मारलेल्या रेषेनं. कागद त्यांच्यासमोर काढा, पेन्सिल त्यांना द्या. दहा मिनिटांत आधार कुठे आहे आणि कुठे नाही, हे त्यांनाही दिसतं.

एका बाबतीत मात्र मी फार काटेकोर आहे. कुटुंब एकक आहे म्हणून घरातल्या एकाची गोष्ट दुसऱ्याला सांगायची मुभा मिळत नाही. एचआयव्हीची तपासणी, गर्भनिरोधक, गर्भपात, मनाचा आजार, यांतलं कुणाला काय कळावं हे त्या व्यक्तीनं ठरवायचं. सासूनं कितीही प्रेमानं विचारलं तरी. आणि काही घरांत इजा करणारा माणूस घरातलाच असतो. प्रत्येक प्रौढ व्यक्तीशी निदान एकदा एकटीशी बोलता येईल अशी भेट आखा. अंगावरची जखम पडल्यामुळे झाली असं सांगताना ती कुणाकडे बघते, ते पाहा. अशा वेळी कुटुंब एकत्र ठेवण्यापेक्षा त्या व्यक्तीची सुरक्षितता आधी येते. सगळ्यांना एकत्र बसवून समेट घडवायला जाऊ नका, त्यानं तिचा धोका वाढू शकतो.

शेवटचा मुद्दा भेटी कधी थांबवायच्या याचा. रुग्ण दगावला की फाइल बंद होते. पण जागतिक आरोग्य संघटना उपशामक सेवेची, म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेची, व्याख्या करताना रुग्णासोबत कुटुंबालाही धरते आणि मृत्यूनंतरच्या शोकातला आधारही त्यात येतो. म्हणून मृत्यूनंतर किमान एक भेट आखलेली असावी, आणि ती सांत्वनापुरती नसावी. उरलेलं मॉर्फीन घरात पडून राहू नये, ते नियमाप्रमाणे परत जायला हवं. उसना आणलेला पलंग, ऑक्सिजनचा सिलिंडर यांची व्यवस्था लावून द्यावी लागते. महिनोन्महिने रात्री जागलेल्या त्या पत्नीचा रक्तदाब मोजायचा असतो, तिच्या राहून गेलेल्या तपासण्यांची तारीख घ्यायची असते, आणि कॉलेज सोडलेल्या मुलीला परत जाता येईल का ते विचारायचं असतं. पुढची भेट कधी, हे त्याच फाइलमध्ये, तिच्या नावासमोर लिहा.