डावी बोलत्या, उजवी मुकी हाय

श्रोतेहो, नमस्कार.

हाताने केलेल्या अस्सल कोल्हापुरी चपलेत खिळा नसतो. पुन्हा सांगते, एकही खिळा नसतो. तळ कातड्याचा, कान कातड्याचे, पट्टा कातड्याचा, आणि हे सगळं शिवायचं तेही कातड्याच्याच बारीक वादीनं. आरीनं, म्हणजे चांभारी टोच्यानं, भोक पाडायचं, वादी ओढायची, पुढचं भोक पाडायचं. कातडंही चुन्यात घालून केस काढलेलं आणि बाभळीच्या सालीत, हिरड्यात कमावलेलं. त्या कामाला आठवडे लागतात. मग रापीनं, म्हणजे कातडं कापायच्या सुरीनं, कापणं, तळ जोडणं, कान बसवणं, अंगठा, वेणी म्हणजे पट्ट्यावरची कातड्याची गुंफण, आणि गोंडा.

आता खरी गोष्ट सांगते.

नवरात्रातले दिवस होते. कोल्हापुरातल्या सुभाषनगरात एका चप्पल कारागिरांच्या घरी मी बसले होते. काका दाराकडे पाठ करून तळ शिवत होते, काकी कोपऱ्यात वेणी घालत होत्या. बाहेरून करकर, करकर असा आवाज आला. कुणीतरी पायऱ्या चढत होतं. काकांनी मान वर केली नाही, हातातली आरी थांबवली नाही. नुसते म्हणाले, "डावी बोलत्या, उजवी मुकी हाय. पावणं, जोड फुटलाय तुमचा."

दारात कागलकडचे एक गृहस्थ उभे. ते आपल्या पायांकडे बघत राहिले. आदल्या दिवशी अंबाबाईच्या दर्शनाला गेले होते. बाहेर येऊन गर्दीत घाईनं चपला घातल्या, त्यात डावी त्यांची आणि उजवी भलत्याचीच. रंग तोच, माप तेच. रात्रभर त्यांना नुसतं वाटत होतं, काहीतरी चुकतंय.

तुम्हाला माहीतच आहे, करकर वाजण्यासाठी दोन तळांच्या मध्ये विंचू घालतात, म्हणजे विंचवाच्या आकाराचं ते टणक बी. काकांच्या जोडात ते होतं, परक्या चपलेत नव्हतं. आवाजावरून काकांनी डावी ओळखली. पण उजवी दुसऱ्याच घरची, हे नक्की केलं काकींनी. त्यांनी ती हातात घेतली, वेणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "ही वेणी माझी न्हवं. मी एवढा सैल पीळ देत न्हाई." झालं. त्यावर काकांनीही दुसरा शब्द काढला नाही.

पाहुणे म्हणाले, "मग एक उजवीच करून द्या." काका नाही म्हणाले. दोन-तीनदा विनवलं, तरी नाहीच. कारण सांगितलं ते ऐका. कातडं पाठीकडं घट्ट आणि जाड असतं, पोटाकडं सैल. दोन्ही तळ एकाच कातड्यातून शेजारीशेजारी कापले तरच सारखे झिजतात. एक आजच्या कातड्यातला आणि एक जुन्यातला असा जोड पायात घातला, तर माणसाची चाल बिघडते. दोन्ही तळ शेजारीशेजारी कापायचे, हे काकांनी मला त्या दुपारी चारदा तरी सांगितलं. शेवटी कागदावर पाय ठेवून माप घेतलं, आणि नवा जोड ठरला.

जाता जाता सांगते, लग्नात नवरदेवाला त्या टिकल्यांच्या मोजड्या घालायची हौस आली आहे, ती मला अजिबात पटत नाही. फेटा आपला, धोतर आपलं, मग पायात परकं कशाला? कोल्हापुरीचेच प्रकार आहेत, कापशी घाला, कुरुंदवाडी घाला, दिसतंही रुबाबदार.

तर वेणी. 2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. ते आठ जिल्ह्यांतल्या चपलांना आहे: महाराष्ट्रातले चार, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, आणि कर्नाटकातले चार, बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं अशाच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा आपण सगळे चिडलो. चिडलो ते बरोबरच होतं. पण वेणी घालणाऱ्या बाईचं नाव आपण तरी कधी विचारतो? चप्पल लाइनमध्ये, म्हणजे कोल्हापुरातल्या चपलांच्या बाजारात, दुकानाचं नाव असतं, मालकाचं असतं, फार तर कारागिराचं कळतं. घराघरांत वेणी घालणाऱ्या, गोंडे करणाऱ्या कितीतरी बायका आहेत, त्यांचं नाव कुठेच नसतं.

नवी चप्पल चावली तर तेल लावा, भिजली तर सावलीत वाळवा, हे तुम्हाला मी काय सांगणार. घेताना मात्र तळ उलटा करून बघा. खिळा दिसला तर परत ठेवा. खिळा नको, शिलाई वादीचीच हवी. आणि दुकानदाराला विचारा, वेणी कुणी घातली? त्यानं त्या बाईचं नाव सांगितलं, तर त्या जोडाच्या किमतीत घासाघीस करू नका.

नमस्कार.