श्मित्झबाईंचं टिपण

नमस्कार श्रोतेहो.

1935 साल. हिटलरच्या जर्मनीतलं एक लहान गाव, आणि तिथली शाळा. काही मुलं वर्गातल्या ज्यू मुलांच्या वह्या फाडतात, त्यांची न्याहारी हिसकावून घेतात आणि चिखलात तुडवतात. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं आहे. डबा हिसकावला गेलेलं पोर आधी डब्याकडे बघत नाही. ते बाईंकडे बघतं.

ही हकिगत लिहून ठेवली तीही एका शिक्षिकेनंच. बर्लिनमध्ये मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या डॉ. एलिझाबेथ श्मित्झ. त्यांचे विषय इतिहास, जर्मन भाषा आणि धर्मशिक्षण. बाईंनी पुढे लिहिलं, की हे करणारी मुलं ख्रिस्ती आहेत. आणि ते होऊ देणारे आईबाप, शिक्षक, पाद्रीही ख्रिस्तीच आहेत. स्वतः श्रद्धाळू असलेल्या बाईच्या हातून हे वाक्य किती यातनेनं उतरलं असेल!

तेव्हा 'जर्मन ख्रिश्चन' नावाचा पंथ जोरात होता. राष्ट्र, वंश आणि देव त्यांनी एकाच माळेत ओवले होते. ज्यू वंशाच्या पाद्र्यांना काढून टाका, असं ते म्हणत. बायबलातला ज्यूंकडून आलेला भाग, म्हणजे जुना करारच नको, अशी मागणी त्यांच्या एका पुढाऱ्यानं 1933 मध्ये बर्लिनच्या भर सभेत केली. याला विरोध करणारेही होते. 1934 च्या मे महिन्यात बार्मेन गावी जमून त्यांनी जाहीरनामा काढला, की चर्चनं ऐकायचं ते येशूचं, सरकारचं नाही. पण त्या जाहीरनाम्यात ज्यूंबद्दल एक शब्दसुद्धा नव्हता. आपल्या देवळात सरकार घुसलं म्हणून ही माणसं उभी राहिली; शेजाऱ्याच्या घरात घुसलं तेव्हा त्यांतले बहुतेक गप्प राहिले. मला या गोष्टीतलं सर्वांत जास्त बोचतं ते हेच. कारण ही माणसं वाईट नव्हती.

श्मित्झबाई याच विरोधकांपैकी. सप्टेंबर 1935 मध्ये, ज्यूंचे नागरिक म्हणून हक्क काढून घेणारे न्यूरेंबर्गचे कायदे झाले त्याच महिन्यात, त्यांनी आपलं टिपण पुरं केलं. कुणाची नोकरी गेली, कुणाचं दुकान बसलं, पोरांचे कसे हाल होतात, सगळं त्यात होतं. आणि सरळ प्रश्न होता: चर्च काहीच का करत नाही? त्या महिन्यात बर्लिनच्या श्टेग्लित्झ भागात चर्चची परिषद भरली, पण टिपणावर चर्चा झालीच नाही. बाईंनी पुढच्या वर्षी त्यात भर घातली, सुमारे 200 प्रती काढल्या आणि त्या हातोहात पोचवल्या. टिपणावर नाव नव्हतं. मी याला भित्रेपणा म्हणणार नाही. त्यांच्या घरी ज्यू वंशाची एक डॉक्टर मैत्रीण राहत होती, त्यावरूनही पुढे तक्रार झाली. भीती खरी होती, आणि भीती वाटत असतानाच त्या एकेक प्रत पोचवत होत्या.

मग 9 नोव्हेंबर 1938 ची रात्र आली. ज्यूंची प्रार्थनामंदिरं जळाली, त्यांची दुकानं फुटली. त्यानंतर बाईंनी एका पाद्र्याला पत्र लिहिलं. 1933 मध्ये ज्यूंच्या दुकानांवर घातलेल्या बहिष्काराला आपण गप्प बसलो, वर्तमानपत्रांतल्या विषारी प्रचाराला गप्प बसलो, म्हणून आजच्या पापात आपलाही वाटा आहे, असा त्याचा आशय. मालमत्तेनंतर माणसांची पाळी येईल, हेही त्यांनी तेव्हाच ताडलं होतं.

वर्ष संपता संपता त्यांनी शाळेकडे निवृत्ती मागितली. वय 45. कारण प्रकृतीचं दिलं नाही. धर्म, इतिहास आणि जर्मन हे विषय सरकारला हवे तसे शिकवणं आपल्याला जमेलसं वाटत नाही, असं त्यांनी अर्जात चक्क लिहून दिलं! श्रोतेहो, ज्याच्या हातात खडू आहे त्याला या वाक्याचं वजन कळेल. मुलींसमोर उभं राहून खोटं शिकवायचं, किंवा खडू खाली ठेवायचा. त्यांनी खडू ठेवला. बर्लिनबाहेर त्यांचं एक छोटं घर होतं. युद्धाच्या काळात तिथे त्यांनी ज्यूंना लपवलं.

युद्धानंतर त्या आपल्या हानाऊ गावी पुन्हा शिकवू लागल्या. केलेल्या कामाचा गाजावाजा त्यांनी कधी केला नाही. टिपण कितीतरी वर्षं दुसऱ्याच एका बाईंच्या नावावर खपत राहिलं. 1977 मध्ये श्मित्झबाई वारल्या, तेव्हा अंत्यविधीला सात माणसं होती. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीनं 1999 मध्ये खरी लेखिका कोण ते सांगितलं. आणि 2004 मध्ये हानाऊच्या एका चर्चच्या तळघरात एक जुनी बॅग सापडली. आत कागद होते, आणि त्यांत त्या टिपणाचा कच्चा खर्डा, बाईंच्या स्वतःच्या अक्षरात.