गवताच्या गंजीपासून नगरपर्यंत

ऑगस्ट 1806. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात विल्यम्सटाउन नावाचं छोटं गाव, तिथल्या कॉलेजची पाच पोरं शेतात प्रार्थनेला जमलीत आणि एकदम आभाळ फाटलं, विजा काय, पाऊस काय. पोरं पळाली आणि एका गवताच्या गंजीच्या आडोशाला बसली. तिथंच सॅम्युएल मिल्स म्हणून त्यातला एकजण बोलला की आशियात सुवार्ता, म्हणजे येशूची शिकवण, न्यायची तर आपणच न्यायला पाहिजे. गंमत बघा, हा मिल्स स्वतः कधी भारतात आलाच नाही. तरी त्या पावसात जे सुरू झालं ते सात वर्षांत मुंबईला पोचलं आणि पुढे आपल्या नगरला. (आता अहिल्यानगर, माहितीय, पण तोंडात नगरच येतं.)

पण एकट्या मिशनऱ्याची गोष्ट सांगायला आम्ही हा व्हिडिओ केला नाहीये. त्याच्यामागे जे उभे होते, ज्यांनी नगर नकाशावरसुद्धा पाहिलं नसेल, त्यांचं काय?

1810 मध्ये अमेरिकन बोर्ड, म्हणजे परदेशात मिशनरी पाठवणारी संस्था, स्थापन झालं. जायला पोरं तयार, खिशात पैसा नाही. इतका नाही की लंडनच्या मिशनरी सोसायटीला विचारायला माणूस पाठवला, खर्च थोडा तुम्ही उचलाल का म्हणून. तिकडून काही जमलं नाही. मग घरच्याच लोकांनी हातपाय हलवले. बॉस्टनमध्ये 1802 पासूनच बायकांची एक सेंट सोसायटी होती, आठवड्याला एक सेंट द्यायचा, बस्स. लग्न झालेल्या बाईच्या नावावर तेव्हा तिथं फारसं काही नसायचं, त्यामुळं तो एक सेंटसुद्धा घरखर्चातनं काढून ठेवायचा म्हणजे सोपं नव्हतं. अशा सोसायट्या मग गावोगावी निघाल्या.

1812 च्या फेब्रुवारीत तिकडच्याच, मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावच्या चर्चमध्ये पाच जणांना दीक्षा देऊन जहाजांवर बसवलं. त्यातल्या सॅम्युएल न्यूएलची बायको हॅरिएट, अठरा वर्षांची पोर. कलकत्त्याला पोचले तर ईस्ट इंडिया कंपनी म्हणाली चालते व्हा. मग मॉरिशसच्या वाटेवर जहाजातच तिचं बाळ जन्मलं आणि गेलं, आणि नोव्हेंबरमध्ये मॉरिशसला तीही गेली, वय वर्षं 19. कामाला सुरुवातच झाली नव्हती हो तिच्या. पण तिची पत्रं आणि डायरी छापली गेली आणि ती वाचून कितीतरी बायका ह्या कामाशी जोडल्या गेल्या. हे जरा बोचतंच, की जिवंतपणी तिला काही करता आलं नाही आणि मेल्यावर तिच्या नावानं वर्गणी जमली.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघं मात्र फेब्रुवारी 1813 ला मुंबईत उतरले. त्यांनाही परत पाठवायचं चाललं होतं, बरीच पत्रापत्री झाली आणि शेवटी राहू दिलं. तिकडे अमेरिकेत महिन्याच्या पहिल्या सोमवारी चर्चमध्ये खास मिशनसाठी प्रार्थनासभा भरायची, बोर्डाच्या मासिकात आलेली पत्रं मोठ्यानं वाचायची, आणि मग नाव घेऊन प्रार्थना. आता पत्र पोचायला कित्येक महिने. 1826 च्या मार्चमध्ये हॉल नाशिकला गेले, तिथं कॉलरा, जवळची औषधं रोग्यांना वाटली आणि परतीच्या वाटेवर स्वतःच कॉलऱ्यानं गेले. बातमी समुद्रापलीकडे पोचेपर्यंत ते सोमवार चालूच असणार, त्यांचं नाव घेऊन. प्रार्थनेचा उपयोग काय असं कुणी विचारलं तर मला हेच सोमवार आठवतात, उत्तर म्हणून नाही, पण आठवतात.

नगरचं काम 1831 च्या डिसेंबरात सुरू झालं. पण त्याच्याही आधी, 1827 मध्ये, सिंथिया फरार नावाची एक बाई मुंबईला आली होती. लग्न न झालेली, एकटी. तोपर्यंत बोर्ड बायकांना पाठवायचं ते बहुतेक मिशनऱ्याची पत्नी म्हणून, त्यामुळं ही नवलाईच होती. नंतर त्या नगरला आल्या, मुलींच्या शाळा चालवल्या, आणि 1862 ला नगरमध्येच वारल्या. जोतीराव फुले त्यांच्या शाळा बघून गेले, पुण्यात मुलींची शाळा काढण्यामागं ते बघणंही होतं. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे मिस फरारांकडे घेतले असंही सांगतात. आता तो आठवड्याचा एक सेंट देणाऱ्या बाईला हे स्वप्नात तरी आलं असेल का?

आता दुसरी बाजूही बोलू. पैसा बाहेरून आला की प्रश्न येतातच. दुष्काळात धान्यासाठी बाटले हा आरोप तेव्हाही झाला आणि आजही होतो. 1900 च्या दुष्काळात अमेरिकेतनं क्वीटो नावाचं जहाज मक्यानं भरून मुंबईला आलं, लोकांनी वर्गणी काढून पाठवलेलं. भुकेल्याला मका द्यायचा नाही असं कोण म्हणेल, पण देणारा आणि घेणारा एका पातळीवर राहत नाहीत हे खरंच आहे. मिशनमधल्या लोकांनाही ते कळत होतं. 1854 मध्येच हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना नगरमध्ये पाळकाची, म्हणजे चर्च सांभाळणाऱ्या धर्मगुरूची, दीक्षा दिली, म्हणजे कारभार हळूहळू इथल्याच माणसांकडे यायला लागला. हळूहळूच, फार हळू.

आणि मग नारायण वामन टिळक. रेव्हरंड टिळक मिशनच्या पगारावर वर्षानुवर्षं होते, पण परक्यांच्या पैशावर उभं राहिलेलं ख्रिस्तीपण त्यांना खुपायचं. 1917 मध्ये त्यांनी पगार सोडला, साताऱ्याला गेले, आणि 'देवाचा दरबार' नावाचा येशूला मानणाऱ्यांचा बंधुसंघ सुरू केला. ठरलेलं मानधन नाही, घरात लक्ष्मीबाई, संसार. दोनच वर्षांत, 1919 ला ते गेले. दरबार काही फार फोफावला नाही. मला मात्र ह्या सगळ्यात तेच पाऊल सगळ्यात धाडसी वाटतं, सेलमच्या जहाजापेक्षाही.

आज इथल्याच माणसांचं देणं बघायचं असेल तर चर्चेसमध्ये हार्वेस्टचा सण असतो ना, तो एकदा जाऊन बघा. ज्याच्या शेतात जे पिकलं ते वेदीपुढं येतं, ज्वारी, कांदे, कोंबडी, कुणाची घरची चटणी. मग बाहेर मंडपात लिलाव. एक भोपळा घ्यायला चौघंजण भिडतात, बोली बाजारभावाच्या कितीतरी वर जाते, घेणारा परत तोच भोपळा दान करतो आणि लिलाव पुन्हा पहिल्यापासून. एक भोपळा तीनदा विकला जातो, आणि कधीकधी शेवटी ज्यानं आणला तोच मालक पैसे मोजून घरी घेऊन जातो, बायकोच्या शिव्या खात.