केंब्रिजचं स्टेशन गावाबाहेर का?

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय ‘केंब्रिजची आर्थिक ताकद आणि पुढची वाटचाल’. त्याकडे येतोच. पण आधी माझी बॅग.

पहिल्यांदा गेलो तेव्हा भर पावसात स्टेशनवर उतरलो. नकाशात गाव एवढंसं, म्हणून टॅक्सी केली नाही. कंजूषपणा म्हणा हवं तर. हिला बरोबर नेलं नव्हतं, त्यामुळे ओरडायला कुणी नव्हतं. चालतोय, चालतोय, कॉलेजं काही येईनात. किंग्ज कॉलेजचे मनोरे दिसले तोवर बॅगेचं एक चाक निखळलं होतं आणि उरलेलं फरशीवर असं खडखडत होतं, की सायकलवरचे प्राध्यापक वळून बघत होते.

मग खोदकाम सुरू केलं. स्टेशन इतकं लांब का? १८४५ साली रेल्वे आली आणि विद्यापीठाला घाम फुटला: पोरं लंडनला पळतील, न्यूमार्केटच्या घोड्यांच्या शर्यतींना जातील, स्टेशन लांबच बरं! विद्यापीठाच्या माणसांना स्टेशनात शिरून विद्यार्थी हुडकायचा हक्क कायद्यानंच मिळाला. ते ‘नाही’ म्हणाले, की तिकिटाचे पैसे भरलेल्या विद्यार्थ्यालाही गाडीत घ्यायचं नाही. रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच प्रवासी चढवले-उतरवले, तर कंपनीला ५ पौंड दंड. आपल्या होस्टेलच्या रेक्टरांना हे सांगू नका.

हसा, पण माझा मुद्दा इथेच आहे. हे गाव आधी ‘नाही’ म्हणतं. १९५० च्या नगररचना आराखड्यात ठरलं, वस्ती लाखाच्या आसपासच ठेवायची. साठच्या दशकात आयबीएम या कॉम्प्युटर कंपनीला इथं संशोधन केंद्र काढायचं होतं, परवानगी नाही! आपल्याकडे एवढ्यावर मंत्री बदलला असता. पण या नकारानं एक चाळणी लागली. जागा नाही, धुरांडी नकोत. मग उरतो कोण? ज्याचा कारखाना डोक्यात मावतो तो.

१९६९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ नेव्हिल मॉट यांच्या समितीनं सांगितलं, विज्ञानावर चालणाऱ्या उद्योगांना थोडी वाट द्या. ट्रिनिटी कॉलेजकडे १५४६ पासूनची जमीन होती. महायुद्धात तिथं लष्करी वाहनं उभी असायची. १९७० मध्ये तिथं सायन्स पार्क, म्हणजे अशा कंपन्यांची वसाहत, काढायचं ठरलं आणि पहिली कंपनी आली १९७३ ला. तीन वर्षं! पण कॉलेजला निवडणूक लढवायची नसते, ते थांबू शकतं.

आणि एआरएम, ही चिपचे आराखडे करणारी कंपनी. १९९० साली एकॉर्न, ॲपल आणि व्हीएलएसआय या तीन कंपन्यांनी मिळून काढलेली, डझनभर इंजिनिअर, जवळच्या खेड्यातल्या एका धान्याच्या कोठारात बसलेले. ते स्वतः चिप बनवत नव्हते. आराखडा विकायचे, लायसन्स आणि रॉयल्टी घ्यायचे. २०१६ मध्ये जपानच्या सॉफ्टबँक कंपनीनं ती सुमारे २४ अब्ज पौंडांना घेतली. कोठाराचं भाडं निघालं म्हणायचं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. अरे, अजून ‘पुढची वाटचाल’ राहिलीच की.

भराभर सांगतो. ताकद एक: माणूस इथं कंपनी बदलतो, पण घर, मुलांची शाळा आणि सायकलचा रस्ता बदलत नाही. म्हणून नवी कंपनी बुडाली तरी तिचे इंजिनिअर गावातच राहतात. दोन: ॲडनब्रुक्स हॉस्पिटलभोवती औषधसंशोधन वाढतंय. ॲस्ट्राझेनेका या औषध कंपनीचं मुख्यालय तिथंच आहे, शेजारी रेण्वीय जीवशास्त्राची जुनी, नोबेलवाली प्रयोगशाळा.

अडचण? २०२१ च्या जनगणनेत वस्ती सुमारे १ लाख ४५ हजार, म्हणजे १९५० च्या आराखड्याची मर्यादा कधीच ओलांडली. घरं तरुण संशोधकाच्या आवाक्याबाहेर. आणि पाणी! इथलं पाणी येतं चुनखडीच्या थरातून. उपसा वाढला, की त्यावर जगणारे झरे आटतात. म्हणून पर्यावरण खात्यानं हजारो नव्या घरांना हरकत घेतली. फेन्सच्या दलदलीच्या बाजूला मोठा जलाशय बांधायचा बेत आहे, पण तो काही उद्या भरत नाही. म्हणजे या वेळी ‘नाही’ म्हणणारं विद्यापीठ नाही, भूगर्भ आहे, आणि त्याच्याशी...

अध्यक्ष उठले. बरं, एकच प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतले काका, बोला.