माकूल, मज्जातंतू आणि लिफ्टचं बटण

श्रोतेहो, नमस्कार.

लिफ्टचं बटण तुम्ही एकदाच दाबता. आतल्या धातूच्या पट्ट्या मात्र काही मिलिसेकंद चिकटतात, सुटतात, परत चिकटतात. सर्किटला हवं असतं एकच ठाम उत्तर: दाबलं की नाही? हा गोंधळ निस्तरायला अनेक उपकरणांत श्मिट ट्रिगर नावाचं सर्किट बसवतात. कॉलेजात मी त्याची आकृती घोटून पाठ केली होती. पण ते एका प्राण्याच्या मज्जातंतूपायी जन्मलं, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

तो प्राणी म्हणजे समुद्रातला माकूल, इंग्रजीतला स्क्विड. त्याचा एक मज्जातंतू जवळजवळ मिलिमीटरभर जाड, नुसत्या डोळ्यांना दिसणारा. आणि मज्जातंतू अर्धवट बोलत नाही. साधारणपणे विश्रांतीत त्याच्या आतला विद्युतदाब उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास असतो; तो उणे ५५ च्या घरात चढला, की संदेश पूर्ण ताकदीनिशी सुटतो. त्याआधी काहीच नाही.

ऑटो श्मिट या अमेरिकन तरुणाला हे वागणं व्हॉल्व्हमधून, म्हणजे तेव्हाच्या इलेक्ट्रॉनिक काचनळ्यांमधून, उभं करायचं होतं. १९३४ साली, विद्यार्थी असतानाच, त्याला ते जमलं. शोधनिबंध छापून आला १९३८ साली. युक्ती अशी, की निघालेल्या उत्तराचा थोडा अंश परत आत वळवायचा. मग चालू होण्याचा उंबरठा वेगळा, बंद होण्याचा वेगळा. समजा ३ व्होल्टला चालू, तर २ व्होल्टला बंद. मधल्या पट्ट्यात सिग्नल कितीही थरथरू दे, सर्किट आपलं म्हणणं सोडत नाही. हट्टीच म्हणा ना! मज्जातंतू हुबेहूब असा नसतो बरं का. संदेश सुटला की तो आपोआप पूर्वपदावर येतो, क्षणभर विसावतो. म्हणजे नक्कल अपुरीच. पण मला तरी ती अपुरी नक्कलच जास्त मोलाची वाटते.

पुढे श्मिट मिनेसोटा विद्यापीठात गेला. युद्धकाळात पाणबुड्या हुडकणारी चुंबकीय यंत्रं, नंतर हृदयाच्या विद्युत आलेखांवरचं काम. जीवसृष्टीकडून तंत्र उचलण्याला ‘बायोमिमेटिक्स’ हे नाव त्यानेच १९५० च्या दशकात दिलं.

व्हॉल्व्ह केव्हाच गेले. ७४१४ या चिपमध्ये आता असे सहा ट्रिगर शेजारी शेजारी बसतात, आणि तिच्या आकृतीत प्रत्येक ट्रिगरच्या त्रिकोणी चिन्हाच्या पोटात दोन उंबरठ्यांचा तो छोटासा वळसा काढलेला असतो.