समेची वाट पाहणारा श्रोता

मंडळी, इथे जमलेले बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या शास्त्रीय संगीत मंडळाचं काम पाहता. ‘हल्ली गाणं ऐकायला येतं कोण?’ हे वाक्य तुम्ही शेकडो वेळा ऐकलं असेल. त्यात एक समजूत दडलेली असते, की पूर्वी श्रोता आपोआप तयार व्हायचा. तसा तो कधीच झाला नाही.

संस्थानांचा आश्रय आटत चालला तेव्हा गायक विष्णु दिगंबर पलुस्कर लोकांकडे गेले. ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय ही संगीतशाळा काढली आणि ती लोकांच्या मदतीवर चालवली. आपल्याकडे हे काम रंगभूमीनं केलं. भास्करबुवा बखले हे अव्वल ख्यालगायक, पण १९१६ साली ‘स्वयंवर’ नाटकाला त्यांनी चाली दिल्या. ‘नाथ हा माझा’ गुणगुणत घरकाम करणाऱ्या बाईला यमन हे रागाचं नाव ठाऊक नसेल, पण यमनाची वाट तिच्या कानाच्या ओळखीची झाली होती. पुढे ती मैफलीत बसली, तर तिथे तो राग तिला परका नव्हता.

ही आधीची ओळख आज कोण करून देतं? माझ्या मते खरी उणीव तिथे आहे. मोठे महोत्सव हवेतच, पण ते बहुतेक करून तयार श्रोत्याला बोलावतात.

नवख्यांसमोर मी अलीकडे आरोह-अवरोह, वादी-संवादी असली रागाच्या व्याकरणाची भाषा काढतच नाही. पहिल्या दिवशी फक्त सम, म्हणजे तालाच्या प्रत्येक फेरीची, आवर्तनाची, पहिली मात्रा. तबलजी तीनताल धरतात. मात्रा १६, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली, म्हणजे टाळी न देता हात मोकळा. सगळ्यांनी हातावर मोजायचं. सुरुवातीला हात चुकतात, कुणी लाजतं, मग चार-पाच आवर्तनांत सगळी खोली एकत्र येते. त्यानंतर मध्यलयीतली एकच बंदिश, म्हणजे बांधलेली चीज. तिचा मुखडा, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, कुठून उठतो आणि समेवर कसा येतो, एवढंच ऐकायचं. गायक तान घेऊन दूर जातो, आता हा परत कसा येणार म्हणून माणसं पुढे झुकतात, आणि तो नेमका समेवर उतरला की माना आपसूक हलतात. कुणी सांगावं लागत नाही. हे मी पुन्हापुन्हा पाहिलंय आणि दर वेळी मला भरून येतं. विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतला ख्याल नंतर. तिथे एकेका आवर्तनाला कधी कधी मिनिटभर लागतं, त्यासाठी धीर आधी कमवावा लागतो.

मात्र एकदा बोलावून सोडून देऊ नका. तीच ३०-४० माणसं, पुढच्या महिन्यात पुन्हा, शक्यतो त्याच रागासाठी. आणि माइक नको. त्याला कारणही आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर रात्री १० वाजता उघड्यावरचे ध्वनिक्षेपक बंद होतात. नियम योग्यच आहे, आजारी माणसाला झोप मिळालीच पाहिजे. पण त्यामुळे दरबारी किंवा मालकंस हे रात्रीचे राग आपल्या वेळेला, समोर बसून ऐकणं दुर्मीळ झालं. बंद खोलीतल्या बिनमाइकच्या बैठकीला ही अडचण नाही.

पैशांबद्दल थोडंच बोलते. प्रवेश सरसकट फुकट ठेवू नका. विद्यार्थ्यांना सवलत द्या, पण ज्याला परवडतं त्यानं तिकीट काढावं. आणि जमलेल्यातून तबलजीला, पेटीवाल्याला ठरलेलं मानधन त्याच रात्री हातात द्या. साथीदार टिकले नाहीत तर मुख्य कलाकार कुणाच्या जोरावर गाणार?

शेवटचं, तंबोऱ्यांबद्दल. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, याचा आपल्याला अभिमान वाटला. पण कित्येक मंडळांत आज इलेक्ट्रॉनिक तंबोराच लावला जातो. वर्गणी काढा, मिरजेहून एक जोडी आणा. जवारी, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा घासून बसवलेला पृष्ठभाग, झिजली की कारागिराला बोलवा आणि तो काम करत असताना आपल्या नव्या श्रोत्यांना भोवती बसवा. घोडीवर कानस फिरते, तारेखाली सुताचा दोरा केसभर सरकतो, आणि आतापर्यंत मिटलेली तार एकदम गुंजायला लागते. तो क्षण त्यांना जवळून ऐकू द्या.