खिशातला घडीचा चाकू

(जळगावातल्या एका वाचनालयात झालेलं बोलणं, थोडं आवरून-सावरून इथे लिहून काढलंय.)

नमस्कार मंडळी. चाकूवर व्याख्यान म्हटल्यावर घरात आधी सगळे हसले, मग विचारलं की ऐकायला पोलीस येणारेत का. म्हणून कायद्याचं आधीच उरकून टाकतो. आर्म्स ॲक्ट १९५९ चा, नियम २०१६ चे. पातं ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद असलं की तो चाकू शस्त्रांच्या यादीत जातो, आणि घरकाम, शेती, कारखाना यासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळलीत. मी ज्यांच्याबद्दल बोलतोय त्यांचं पातं तीन-साडेतीन इंची असतं. तरी सणावाराला, निवडणुकीला जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७(१) चा, शस्त्रं बाळगायला मनाईचा आदेश निघतो, पेपरात येतो तो, त्या दिवसांत चाकू घरीच ठेवायचा. विमानात हातातल्या बॅगेत नाही, कोर्टात नाही, आणि गेटवरच्या माणसाशी हुज्जत तर अजिबात नाही.

चाकू म्हटलं की आपल्या डोक्यात पिक्चरमधला रामपुरी येतो, खटका दाबला की उघडणारा. रामपूरला तर २०२३ मध्ये चौकात २० फुटी चाकू उभा केलाय, असो. तो आजचा विषय नाही.

जुन्या पद्धतीच्या घडीच्या चाकूला लॉक नसतो. मुठीत पाठीमागे एक पोलादी पट्टी असते, ती पात्याच्या बुडाला दाबून धरते, पातं उघडं असलं तरी दाबते, मिटलेलं असलं तरी दाबते, मधे ढकललं की पट्टी उचलली जाते आणि खट्ट. एवढीच मशिनरी. आता शेतात ठिबकची १६ एमएमची नळी कापायची, जॉइनर टाकायचा, तेव्हा तुम्ही धारेकडून दाबता, म्हणजे पातं अजून उघडायलाच बघतं, काही भीती नाही. पण टोक खुपसून काही उचकटायला गेलात की पातं सरळ बोटांवर मिटतं. लोक म्हणतात लॉक नाही म्हणजे धोका. मला उलट वाटतं, लॉकवाला चाकू हातात आला की माणूस त्याला पेचकस समजतो, डब्याची झाकणं काढतो, टोक मोडतो, आणि साध्या चाकूने हात आपोआप नीट वळायला लागतो.

फ्रान्सच्या आल्प्समधला ओपिनेल घ्या. १८९० चा, बीच लाकडाची मूठ, ८ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर. त्यात पाठीमागची पट्टीच नाही, पातं लाकडाच्या चिमट्यावर घट्ट बसतं, पातं अडकवून ठेवणारी फिरवायची कडी १९५५ ला आली. पावसाळ्यात केळीच्या बागेत हा खिशात ठेवा, मूठ फुगते आणि पातं निघता निघत नाही. मग मुठीचं मागचं टोक दगडावर हलकंच ठोकायचं, पातं डोकं वर काढतं. तिकडचे शेतकरीही हेच करतात बरं का. जपानचा हिगोनोकामी त्याहून साधा, पितळेचा वगैरे पत्रा दुमडून केलेली मूठ आणि पात्याला एक शेपटी, ती अंगठ्याने दाबून धरायची. तिकडे शाळेतली पोरं त्याने पेन्सिली तासायची. व्हिक्टोरिनॉक्स तर सगळ्यांना माहितीच आहे, १८८४ पासूनची कंपनी, त्यावर वेळ घालवत नाही.

मला मजा आली ती आपल्याकडच्या गाडीलोहारांकडे. बाजाराच्या गावात पाल टाकून बसतात, ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचे विळे-कोयते करतात. भाता चालवणारी, घण मारणारी बाई, चिमटा धरणारा नवरा. मी म्हटलं, दादा मला घडीचा चाकू करून द्या, नमुना हाच, पट्टी पण याच पाट्याची. तो म्हणाला, आप्पा, पातं पिवळ्यावर काढू नि पट्टी निळ्यावर. मला एकदम कळेना. मग त्याने करून दाखवलं. पोलाद लाल तापवून पाणी दिलं की कडक होतं पण काचेसारखं फुटतं, म्हणून परत हळूहळू गरम करायचं, घासलेल्या पृष्ठभागावर रंग चढतो, आधी फिकट पिवळा, पुढे तपकिरी, जांभळा, मग निळा. पिवळ्यावर, म्हणजे दोनशे डिग्रीच्या जरा पुढे, थांबलं तर धार टिकते, निळ्यावर म्हणजे तीनशेच्या आसपास लवचीकपणा येतो. एकाच पाट्याचे दोन तुकडे आणि दोन वेगळे स्वभाव! थर्मामीटर नाही, फक्त डोळा, आणि उन्हात रंग कळत नाही म्हणून तो सावलीत बसतो.

पुण्याच्या केळकर म्युझियमला अडकित्ते बघितलेत का? एकेक काय नक्षी! पण ते आता सुपारी कातरत नाहीत. माझा संग्रह तसा नको होता, म्हणून जो चाकू घेतला तो खिशात फिरतो, पाळी लावलीय, आठवड्याला एक. साधं कार्बनचं पोलाद असेल तर केळीचा चीक, लिंबू, कांद्याची पात यांनी पातं निळसर-काळं पडतं, आणि चिकातल्या टॅनिनमुळे जास्तच. ते पुसायच्या नादी लागू नका, ते खराब होणं नाही, खराब तो तांबूस गंज, आणि तो मे महिन्यात घामाने ओल्या खिशात येतो, ४४-४५ डिग्रीत. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टीला काड्यांवर वांगी भाजताना कोणीतरी विचारतंच, चाकू कोणाकडे आहे, आणि मग जो बाहेर काढतो त्याच्याचकडे अख्खी कांद्याची पात चिरायला येते, हा तोटाही सांगून ठेवतो.

कोणी विचारलं, पहिला कुठला घ्यावा. ओपिनेल ८ नंबर, कार्बनचा, महाग नाही, आणि बिघडला तरी जीव हळहळत नाही. तेल? शेंगदाण्याचं नको, ते चिकट होऊन पातं जाम करतं, सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, खायचं काही कापायच्या आधी पातं पुसून घ्यायचं. धारेला हार्डवेअरच्या दुकानातला दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड पुरतो, पाणी लावा, पातं वीसेक डिग्रीवर तिरकं धरा, आधी खरखरीत बाजू मग बारीक, आणि चामडी पट्ट्यावर उलटं, म्हणजे धार मागे राहील असं, ओढून घ्या. चला, इथे टेबलावर ठेवलेत ते हातात घेऊन बघा, मात्र मिटवताना बोटं पात्याच्या वाटेत नकोत, आणि दुसऱ्याला देताना मिटूनच द्या.